अर्धं वाक्य

‘‘झोपतो कुठल्या कुशीवर तो?’’

दारात रडत आलेल्या माणसाला सर हा प्रश्न पहिला विचारायचे. नवरा आत, मुलगा आत, भाऊ आत. कुठलं कलम लावलंय ते बिचाऱ्यांना धड सांगता येत नाही. आणि हे विचारणार, कुशीवर झोपतो की उताणा? जेवताना आधी भात घेतो की भाकरी? मला सुरुवातीला भयंकर राग यायचा. एकदा मी बोललेच, ‘‘सर, ती बाई तोंडाला पदर लावून बसलीय आणि तुम्ही काय भाकरी घेऊन बसलात!’’

‘‘बाई,’’ ते म्हणाले, ‘‘त्याचं नाव, कलम, पोलीस ठाणं, सगळं सरकारला ठाऊक आहे. माणूस तेवढा ठाऊक नाही. तो आपण कळवायचा.’’

असा एखादा माणूस तुमच्याही गावात असेल. सभेत पहिल्या रांगेत बसवतात, हार घालतात, विचारवंत म्हणतात, आणि त्याच्या घरी पोलीस चौकशीला आले की त्याच गल्लीतले लोक खिडक्या लावून घेतात. आमचे सर तसे. इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. वर्तमानपत्रांत लेख यायचे, पुण्यामुंबईला व्याख्यानं व्हायची. मंत्रालयात दोन-चार अधिकारी त्यांचे विद्यार्थी निघायचे. तरी राहायचे भिवंडीतच, आणि लोकांसाठी सरकारला पत्रं लिहायचे. खटला न चालवता ज्यांना आत ठेवलंय, अशांसाठी. कधी संपातला पुढारी, कधी नुसता घोषणा दिलेला पोरगा.

माझी ओळख झाली ती आमच्या वस्तीतल्या विहारात. सर व्याख्यानाला आले होते. कुणीतरी सांगितलं, ही आपली मुलगी टायपिंगची इन्स्टिट्यूट चालवते. दुसऱ्या दिवशी सर हजर. निजामपुऱ्यात पहिल्या मजल्यावर माझ्या दोन खोल्या. खाली चहावाला, मागे भिंतीला भिंत लावून कापडाचे लूम. दिवसभर खटखट खटखट. नव्या माणसाचं डोकं उठायचं, आम्हाला लूम बंद पडले तरच काहीतरी चुकल्यासारखं व्हायचं.

आता त्या आवाजात पत्र सांगायचं म्हणजे ओरडायलाच हवं. सर उभे राहून, मागे हात बांधून, भाषण ठोकल्यासारखं सांगायचे, ‘‘माननीय गृहमंत्री महोदय!’’ खाली चहावाला गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचा, ‘‘ऊपर सर सरकार को डाँट रहे हैं.’’ गोपनीय म्हणून वर लिहायचं आणि सगळ्या गल्लीला पाठ! मी हसले तर सर म्हणायचे, ‘‘बरं आहे की. आपल्याला लपवायचंय काय?’’

आणखी एक त्यांचा नियम होता. पत्र टाइप झालं की घरच्या माणसाला समोर बसवायचं आणि सगळं वाचून दाखवायचं. इंग्रजी असलं तर हिंदीत नाहीतर मराठीत सांगायचं. ‘‘तुम्ही हो म्हणाल तर सही. नाहीतर फाडू.’’ आणि सरकारकडून उत्तर आलं, तर तेही घरच्यांना स्वतः वाचून दाखवायचं, कसलंही असो. पोस्टमनने आणलं आणि दिलं हातात ढकलून, हे त्यांना चालत नसे. माणसं दचकून ऐकायची, काहींना हे सोसायचं नाही. सर ऐकायचे नाहीत.

मंजुळा आली ती ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला. पडघ्याकडच्या एका खेड्यातली. कडेवर पोरगी, पायात चप्पल नाही. तिचा नवरा दशरथ भिवंडीजवळच्या दापोड्याच्या गोदामांत हमाल होता. नुसता हमाल नव्हे, हमालांचा पुढारी. गोदामवाल्यांशी भांडण झालं, काम बंद पडलं, आणि पोलिसांनी त्याला उचलला. खटला नाही, साक्षीपुरावा नाही. वर्षभरासाठी स्थानबद्ध म्हणून लांब विदर्भातल्या तुरुंगात नेऊन टाकला.

‘‘मारामारी केली का त्याने?’’ सरांनी विचारलं.

‘‘न्हाय वो! उलटा मारामारी मोडली त्यानं.’’

मग तिने सांगितलं. आदल्या साली शहरात दंग्याची हवा होती, कुणीतरी अफवा पेरली, आणि गोदामांवरचे सगळे हमाल काठ्या घेऊन निघाले. दशरथ रस्त्यात आडवा उभा राहिला. हात वर करून म्हणाला, ज्याला जायचंय त्यानं माझ्या अंगावरून जा. माणसं परत फिरली. सरांनी दुसऱ्या दिवशी स्वतः दापोड्याला जाऊन खात्री करून घेतली. ट्रकवाले, हमाल, एका गोदामाचा मुनीमसुद्धा, सगळे तेच बोलले.

सर परत आले ते उजळून. इतकं खूश मी त्यांना क्वचित पाहिलं. उभे राहिले आणि सांगू लागले. त्या पत्रातलं एक वाक्य मला अजून तोंडपाठ आहे: ‘‘दशरथने हात वर केला की दापोड्याच्या गोदामांत एक गोणी हलत नाही; आणि शहर पेटण्याच्या बेतात असताना त्याच हाताने त्याने आपल्या माणसांना काठ्या खाली ठेवायला लावल्या.’’

मंजुळाने ते दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा ऐकताना ती पोरीला म्हणाली, ‘‘आयक, तुज्या बाबाचा लिवलंय.’’ पोरगी आपली अंगठा चोखत होती. मला तर भरूनच आलं. कुणालाही वाटलं नाही की या वाक्यात काही वावगं आहे. सरांनी सही केली, मी पाकीट चिकटवलं.

उत्तर यायला बरेच आठवडे लागले. सरकारी पाकीट पाहून सरांनी नियमाप्रमाणे मंजुळाला निरोप धाडला. ती आली, बसली. सरांनी पाकीट तिच्यासमोर फोडलं आणि मोठ्याने वाचायला लागले.

‘‘सदर इसमाने हात वर केल्यास दापोडे येथील गोदामांतील एक गोणी हलत नाही, असे आपण स्वतःच आपल्या पत्रात नमूद केले आहे. ही बाब लक्षात घेता सदर इसमास मुक्त करणे सार्वजनिक सुव्यवस्थेच्या दृष्टीने इष्ट...’’

इथे ते थांबले. लूम चालूच होते. मंजुळा म्हणाली, ‘‘वाचा ना, सर.’’

त्यांनी वाचलं. शेवटच्या ‘सबब आपली विनंती अमान्य करण्यात येत आहे’पर्यंत सगळं. आवाज मात्र भाषणाचा राहिला नव्हता. तिला नीट कळलं नाही म्हणून पुन्हा, तिच्या बोलीत समजावून सांगितलं. ते ऐकताना मला वाटत होतं, नका हो सांगू, एवढं तरी मनात ठेवा! पण नाही. आपला नियम.

मंजुळा म्हणाली, ‘‘म्हंजे तुमी चांगला लिवलंत, म्हनून त्यो आत ऱ्हायला?’’

‘‘हो,’’ सर म्हणाले.

मी मध्ये पडले. ‘‘अगं, त्यांनी अर्धंच वाक्य उचललंय, पुढचं काठ्यांचं कुठे...’’ सरांनी मला हाताने थांबवलं. चूक सरकारची होती, हे मी आजही भांडून सांगेन. वाचता येणाऱ्या माणसाने अर्धं वाक्य वाचावं म्हणजे काय! पण सरांना ते पटायचं नाही. ‘‘आयुष्यभर सरकारी कागद वाचले आणि पोरांना शिकवले, बाई. ते काय उचलतात हे मला कळायला हवं होतं. मी माझ्याच भाषेवर खूश झालो.’’

त्याच बैठकीत दुसरं पत्र ठरलं. आणि काय सांगू, रडावं की हसावं कळेना. आता दशरथला मोठा करायचा नव्हता. तो किती साधा, किती किरकोळ आहे, ते लिहायचं होतं. मंजुळा हुशार बाई, तिच्या लगेच ध्यानात आलं. डोळे पुसून सरसावून बसली.

‘‘लिवा, दारू पितो.’’

‘‘पितो का?’’

‘‘न्हाय पीत. पन लिवा.’’

‘‘खोटं नाही लिहिणार मी,’’ सर म्हणाले.

‘‘मंग लिवा, त्याचा कोन आयकत न्हाय.’’

‘‘तेही खोटं आहे, मंजुळाबाई.’’

‘‘अवो, त्यो घरला यायला पायजे का नको तुमाला?’’ ती ओरडली. पहिल्यांदाच ओरडली. पोरगी दचकून रडायला लागली. सर खुर्चीवर बसले. उभं राहून सांगणारा माणूस त्या दिवशी बसून, हळू आवाजात विचारू लागला, आणि मी कान लावून टाइप करू लागले. खरंच असेल, पण त्याला लहान करील, असं काय काय आहे? मग एकेक निघालं. विंचवाला भितो. विहिरीत उतरत नाही. चौथीत नापास झाला. बायको चिडली की गोठ्यात जाऊन बसतो. पोरीचं झबलं स्वतः धुतो आणि शेजारणी हसतील म्हणून आतल्या अंगाला वाळत घालतो. हे सांगताना मंजुळा हसली, आणि हसता हसता तिला जे रडू फुटलं ते आवरेना.

पत्र वाचून दाखवलं. नवऱ्याचा असा पाणउतारा बायकोसमोर वाचताना सरांची मान वर झाली नाही. ती म्हणाली, ‘‘हा. करा सई.’’

त्या पत्राला उत्तर आलंच नाही. सरांनी स्मरणपत्रं पाठवली, मंत्रालयाचे जिने झिजवले. जुना विद्यार्थी असलेला एक अधिकारी चहा पाजून गोड बोलला आणि त्याने सरांना कटवलं. दशरथने ते वर्ष पुरं काढलं. पहिल्या पत्राने त्याची सुटका लांबली का, की ती व्हायचीच नव्हती, हे कुणी सांगायचं? सरांनी मात्र स्वतःपुरता निकाल देऊन टाकला होता.

सुटल्यावर तो मंजुळाबरोबर इन्स्टिट्यूटमध्ये आला. मी मनात कुणी धिप्पाड माणूस धरला होता. हा बारीक, काळा, केस गळालेला. सर उठून उभे राहिले. ‘‘दशरथ, माझ्यामुळे...’’

‘‘तसा न्हाय, सर. बसा तुमी.’’ तो जमिनीवरच बसला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग कळलं ते असं: वर्षभरात गोदामवाल्यांनी बाहेरून हमाल आणले. जुनी माणसं पांगली, काही त्याच कंत्राटदाराकडे लागली. तो सकाळी दापोड्याला जाऊन आला होता. कुणी थांबून बोललंसुद्धा नाही.

‘‘ही सांगत व्हती,’’ तो म्हणाला, ‘‘माजा कोन आयकत न्हाय, ही ओळ तुमी लिवली न्हाय. खोटी व्हती म्हनून. आता लिवा, सर. आता खरी हाय.’’

तो टोमणा मारत नव्हता, हेच वाईट. सरळ सांगत होता. सरांनी चष्मा काढला आणि खिशात ठेवून दिला.

सर पत्रं लिहायचे थांबले नाहीत. उलट नव्वदनंतर तर कामच वाढलं, रोज कुणीतरी जिना चढून यायचं. पण पत्रांतलं पाणी गेलं. आजार, वय, घरातली माणसं, बस. एखादी आई काकुळतीला यायची, ‘‘साब, इतना तो लिखो, अच्छा लड़का है.’’ सर म्हणायचे, ‘‘अच्छा लिहिलं की महाग पडतं, अम्मा.’’ ती बिचारी माझ्याकडे बघायची. आणि हे सगळं आता खुर्चीत बसून. खालचा चहावाला विचारायचा, ‘‘सर की तबीयत ठीक नहीं क्या?’’

काही वर्षांनी सर गेले. अंत्ययात्रेला मोठमोठी माणसं आली, वर्तमानपत्रांनी त्यांची ग्रंथसंपदा छापली. निर्भीड, परखड, झुंजार, जेवढी विशेषणं हाताशी होती तेवढी सगळी वापरली. मला ते वाचवेना. माझ्या डोळ्यांसमोर येत होते ते खाली मान घालून विंचवाबद्दल वाचणारे सर.

त्यानंतर एकदा कामासाठी मी दापोड्याला गेले होते. एका गोदामाच्या गेटवर खाकी कपड्यातला वॉचमन उठून उभा राहिला. ‘‘बाई! वळखला का?’’ दशरथ. सर गेल्याचं त्याला ठाऊकच नव्हतं. मी सांगितलं. आतून ट्रक आला, त्याने गेट उघडलं, ट्रकच्या ड्रायव्हरने जाताना त्याला शिवी हासडली, त्याने गेट लावलं आणि परत माझ्याजवळ आला.

‘‘बाई, ता पयला कागद हाय का वो तुमच्याकडं? हात वर केला ता?’’

‘‘का रे?’’

‘‘पोरीला दावायचाय. आता सातवीला हाय. तिला वाटतं बाबा आपला पयल्यापासनं वॉचमन. मंजुळा सांगते, पन पोरगी हसते.’’

माझ्याकडची कार्बन कॉपी सरांनी ते उत्तर आलं त्याच आठवड्यात फाडून टाकली होती, मी नको नको म्हणत असताना. ते वाक्य आता जगात एकाच जागी होतं, सरकारच्या फायलीत. मी म्हटलं, ‘‘मला अक्षर न् अक्षर पाठ आहे, दशरथ. उद्याच टाइप करून देते. काठ्यांचंसुद्धा.’’

त्याचा चेहरा फुलला. मग त्याने विचारलं,

‘‘आनि खाली सरांची सई?’’