ब्रेकबाईची डबी

ड्रायव्हिंग स्कूलमधली शिकाऊ मंडळी तिला ब्रेकबाई म्हणत. शिकवण्याच्या गाडीत तिच्या पायाखालीही एक ब्रेक असे, आणि त्याहून जोरात चाले ते तिचं तोंड. "अहो काका, आरसा भांग पाडायला नाही दिलाय!" माणसं रडकुंडीला येत, पण लायसन्स मिळवत.

घरी मात्र एका विषयावर हेच तोंड बंद होई. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी मूल नव्हतं. तपासण्यांत काही सापडत नव्हतं. सासूबाईंनी मात्र निदान करून टाकलं होतं: "हिच्या अंगात उष्णता फार. काही टिकायचं नाही." तशा चांगल्या बाई होत्या, पण हे वाक्य त्यांच्या जिभेवरून हटेना. ऐकून ऐकून ब्रेकबाईलाही ते पटायला लागलं होतं, हे सगळ्यात वाईट.

डॉक्टरांनी वेगळीच वाट सुचवली. तिची स्त्रीबीजं आणि नवऱ्याचे शुक्राणू एका छोट्या डबीत बंद करायचे, आणि ती डबी लॅबमधल्या यंत्रात न ठेवता तिच्याच योनीमार्गात ठेवायची. काही दिवसांनी काढून उघडायची. गर्भ तयार झाला असेल तर गर्भाशयात सोडायचा.

"म्हणजे यंत्र मीच?"

"तुम्हीच," लॅबवाली मॅडम हसली. "कामावर जा खुशाल. पोहायला तेवढं जाऊ नका."

डबी बसवल्यावर गेली कामावर, पण जीव मुठीत धरून. खड्डा दिसला की ब्रेक, कुत्रं दिसलं की ब्रेक, काहीच नाही दिसलं तरी ब्रेक. शिकणारे रिटायर्ड काका बिचारे पार गांगरले. सिग्नलला त्यांनी क्लच सोडला, गाडी उसळली, आणि बाईंनी घाबरून असा काही ब्रेक दाबला की दोघंही सीटबेल्टवर आपटले. डबी हलली असली तर? काकांना मागे बसवून तिनं स्वतः गाडी दवाखान्याकडे पळवली.

मॅडमनं तपासलं. "डबी जागच्या जागी आहे. अशा धक्क्यानं काही होत नाही हो."

तरी तिची झोप उडालीच. खरं सांगायचं तर धक्क्याचं निमित्त होतं. डबी रिकामी निघेल आणि सासूबाई खऱ्या ठरतील, ही भीती तिला खात होती.

डबी उघडली तेव्हा नवरा शेजारीच उभा होता. पडद्यावर गोल, पेशींनी गच्च भरलेला एक गर्भ दिसला. "छान वाढलाय," मॅडम म्हणाली. ब्रेकबाई ढसाढसा रडली. तो गर्भ गर्भाशयात सोडला.

रुजला नाही.

रिपोर्ट घेऊन परतताना नवरा गाडी चालवत होता. तो म्हणाला, "तेव्हा सुट्टी घेतली असतीस तर... तो ब्रेक..."

"गाडी बाजूला घे."

त्यानं घेतली.

"ब्रेक आधी बसला. डबी नंतर उघडली. आत काय होतं?"

"गर्भ."

"कसा होता?"

"चांगला होता."

"कुठे वाढला?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते, पण आवाज शिकवणीतलाच होता.

"तुझ्यात," तो म्हणाला.

"मग हे आईंना तू सांगायचंस. आज, घरात शिरल्या शिरल्या. मी नाही सांगणार."

त्यानं मान हलवली आणि गाडी सुरू केली.