डेपोतली फुंकणी

ती बस चालवायची आणि तिच्या तोंडाला कोणी लागत नसे. टेम्पोवाला आडवा आला की काच खाली करून त्याची अशी खरडपट्टी काढायची की तो बिचारा गिअर टाकायचा विसरे. डेपोतले ड्रायव्हर तिला 'जमादारीण' म्हणत, अर्थात ती लांब असताना.

घरी मात्र या जमादारणीला कोणी जुमानत नव्हतं. सोळा वर्षांची लेक, भिंगरी, दारू प्यायला लागली होती. मैत्रिणीच्या वाढदिवसाला गंमत म्हणून घेतली, मग दर शनिवारी, आणि पुढे वार बघणंच सुटलं. घरच्यांनी काय करावं? पांघरूण घातलं! नवरा शाळेत फोन करून सांगायचा, "पोट बिघडलंय तिचं." सासूबाई ओकारी पुसायच्या, फिनाईल मारायच्या आणि वर म्हणायच्या, "वय आहे, सुटेल आपोआप."

"आपोआप फक्त धूळ साचते, आई!" ती कडाडायची. "खोटं बोलून बोलून तुम्ही दोघांनी पोरीचं वाटोळं केलंत!"

डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं, तर ऐनवेळी नवऱ्याने पाय मागे घेतला. चार लोकांत कळलं तर? "कळू दे की! मी गल्लीत उभी राहून ओरडून सांगते!" तिच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. भिंगरी धाडकन दार लावून घ्यायची.

त्या सकाळी मायलेकींची एकदमच निघायची घाई झाली. ओट्यावर एकसारख्या दोन निळ्या बाटल्या होत्या. हाताला लागली ती उचलून ती डेपोत आली आणि रांगेत उभी राहिली. गाडी ताब्यात घेण्याआधी प्रत्येक ड्रायव्हरने एका यंत्रात श्वास सोडायचा, कोणी पिऊन आलेलं नाही ना ते बघायला. त्या यंत्राला सगळे फुंकणी म्हणत. तिचा नंबर आला. घसा कोरडा पडला होता, म्हणून तिने बाटली तोंडाला लावून मोठा घोट घेतला, आणि घसा पेटला. पाणी नव्हतं ते!

"चला ताई, फुंका लवकर," सुपरवायझर साहेबांनी यंत्र पुढे धरलं.

लाल दिवा लागला. मागच्या रांगेतले माना उंचावून बघू लागले.

साहेब तिला केबिनमध्ये घेऊन गेले. माणूस भला होता. "तोंडापुरतं असेल तर थोड्या वेळाने उतरेल. परत फुंका. पण काय घेतलंत ते खरं सांगा. खोटं निघालं तर तुमची नोकरी मी वाचवू शकणार नाही."

आता बोल ना, जमादारणी! गल्लीत ओरडून सांगणार होतीस ना? इथे तर एकच माणूस ऐकणारा, आणि दारात घुटमळणारे चार-पाच ड्रायव्हर. तिच्या डोळ्यांपुढे भिंगरी आली, आणि त्या चार-पाच तोंडांतून तिचं नाव घरोघर फिरलेलं दिसलं.

"खोकल्याचं औषध, साहेब," ती म्हणाली. म्हणाली आणि स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली तिला. हुबेहूब नवऱ्याचा आवाज!

तेवढ्यात टेबलावरचा फोन खणाणला. साहेबांनी उचलला. पलीकडचा आवाज इतका चढलेला होता की केबिनभर ऐकू आला.

"काका, आईला गाडी देऊ नका! तिच्याकडे माझी बाटली गेलीय, त्यात दारू आहे. ती पीत नाही हो काका. मी पिते. माझी आहे ती!"

साहेबांनी रिसीव्हर तिच्यापुढे धरला. तिने तो संतापाने हिसकावून घेतला. पोरीचा राग, नवऱ्याचा राग, सासूचा राग, आणि या सगळ्यांवर चढलेला स्वतःचा.

"आई, प्यायलीस का त्यातलं?" भिंगरी रडत होती.

"प्यायले."

"मग साहेबांना सांगितलंस ना, की माझी आहे म्हणून?"

तिने दाराकडे पाहिलं. ड्रायव्हर अजून तिथेच उभे होते.

"नाही," ती सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली. "मी खोटं बोलले."