फटफटीवरची ढिम्म पेटी

फटफटीच्या मागे पेटी घट्ट कशी बसवावी, हे मला कधी विचारू नका. विचारलंत तर मी सांगेन, आणि मी सांगितलं तसं केलंत तर तुम्हालाही बहिणीच्या सासरी तोंड दाखवायची चोरी होईल. हसताय काय? चहा संपवा आधी, मग सांगतो.

दारूबंदी नवीन नवीन लागू झाली होती, तेव्हाची गोष्ट. मी ठाण्याला कचेरीत कारकून. टेंभी नाक्याजवळ आमचं बिऱ्हाड. आणि मी एक फटफटी घेतलेली. साधीसुधी नव्हे, मिलिटरीच्या लिलावातली! रंग हिरवा, आवाज तोफेचा. तिच्यावरून सगळं कोकण पालथं घालायचं, असा माझा बेत होता. आता एवढ्या लांब जायचं म्हणजे सामानाला मागे पेटी पाहिजे की नको? म्हणून मी कॅरिअरवर एक पत्र्याची ट्रंक दोरीनं बांधली. पहिल्या खेपेला ती कळव्याच्या पुलावर पडली. दुसऱ्या खेपेला आमच्याच दारात, वडिलांच्या पायाशी येऊन पडली.

"वा!" वडील म्हणाले. "म्हणजे तू कोकणात आणि तुझे कपडे ठाण्यात!"

झालं! माझं डोकंच फिरलं. पुन्हा पेटी हलली तर फटफटी विकून टाकीन, अशी मी सगळ्यांसमोर प्रतिज्ञा केली. आमच्या घराण्यात पराक्रम कमी, पण प्रतिज्ञा फार.

त्यातच संक्रांत आली. माझी धाकटी बहीण कुसुम कल्याणला दिलेली. तिच्या मुलाची ती पहिलीच संक्रांत, म्हणजे बोरनहाण आलं. पोराला काळं झबलं घालायचं, हलव्याच्या दागिन्यांनी नटवायचं, पाटावर बसवायचं आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हलवा, उसाचे करवे ओतायचे. दागिने आजोळचे. आणि इथेच सगळी मेख होती. बाळंतविडा नेला तेव्हा कुसुमच्या सासूबाई चार बायकांत म्हणाल्या होत्या, "ठाण्याच्या माणसांचा उत्साह दांडगा हो, पण हाताला सफाई नाही." ते आईच्या मनाला फार लागलं होतं.

म्हणून तिनं दागिने स्वतः केले. शेगडीवर परात ठेवून, पाकाचा थेंब थेंब सोडत, बोटांनी हलवत, एकेका दाण्याला काटा आणला. बोटांची सालटी निघाली, पण बाई मागे हटली नाही. हट्टीपणा मी कुणाचा उचललाय ते कळलं ना? मुकुट, बाजूबंद, कमरपट्टा, हार, एवढीशी बासरीसुद्धा! बघून वाटावं, साक्षात बाळकृष्णच जेवायला येणार.

"आगगाडीनं जाऊ. डबा मी मांडीवर घेऊन बसते," आई म्हणाली.

"मांडीवर? मग ही पेटी कशासाठी आहे?"

"ती पडते रे बाबा, म्हणून म्हणते!"

आता सांगा, हे ऐकून कोण गप्प बसेल? मी म्हटलं, "आई, दागिने माझ्या पेटीतून जाणार. आणि पेटी तसूभर हलणार नाही."

सगळा रविवार त्यात घातला. ट्रंकेच्या बुडाला भोकं पाडून ती बोल्टांनी कॅरिअरला जखडली. चारी अंगांना सायकलच्या हवा भरलेल्या ट्यूब गुंडाळल्या, म्हणजे बाजूनं धक्का नको. झाकण उडेल म्हणून वरून दोन लोखंडी पट्ट्या टाकायचं ठरवलं, खाली गाडीच्या सांगाड्याला नट आवळून. मग त्या पेटीवर मी स्वतः उभा राहून उड्या मारल्या. ढिम्म हलली नाही! वडीलसुद्धा "हं" म्हणाले, आणि आमच्याकडे "हं" ही मोठी शाबासकी असते.

बोरनहाणाच्या दिवशी आईनं पेटीत कापूस अंथरला, आपलं मऊ जुनं लुगडं घातलं, त्यात दागिने निजवले, देवाला हात जोडले आणि वडिलांबरोबर पुढच्या गाडीनं कल्याणला गेली. मी फटफटी चालू केली. तर पेटीतून खडखड खडखड! मी वाटेसाठी घेतलेले नट आवळायचे पाने पेटीतच ठेवले होते, ते वाजत होते. प्रवासी माणसाची पेटी वाजते म्हणजे काय? मी त्या आवाजाचा पक्का बंदोबस्त केला, झाकण लावलं, खालच्या सायकलवाल्याच्या पान्यानं पट्ट्या आवळल्या आणि त्याचा पाना त्याला देऊन निघालो. पेटी आता अगदी चिडीचूप.

मुंब्रा मागे पडलं. रस्ता कसला, नुसते खड्डे. पण मागे वळून बघावं तर पेटी आपल्या जागी! मी मोठ्यानं गाणं म्हणत शीळफाट्याला आलो. आणि तिथे एका हवालदारानं काठी आडवी घातली.

"थांब! ट्यूबात काय हाय?"

आता तुम्हाला आठवत असेल, त्या दिवसांत गावठी दारू ट्यूबमध्ये भरून नेत असत. मला मात्र ते तेव्हा अजिबात सुचलं नाही.

"हवा आहे," मी म्हटलं.

"हवा? चाकाला लावायची हवा पेटीला कशापाई?"

"धक्के बसू नयेत म्हणून."

"म्हंजे आत फुटणारा माल हाय." त्यानं ट्यूबची पिन दाबून नाक लावलं. फुस्स! रबराचा वास आला, तर त्याला तोही संशयास्पद वाटला. "पेटी उघड."

"उघडता येत नाही. वरच्या पट्ट्या काढायला पाना लागतो."

"मग पाना काढ की."

"पाना पेटीत आहे."

हवालदार माझ्याकडे बघतच राहिला. तोवर पेंढ्याची गाडी घेऊन चाललेला एक आगरी म्हातारा मजा बघायला थांबला होता. तो म्हणाला, "हवालदारसायेब, कवरं बांदलंय बगा! यान कायतरी हाय!"

"आत साखरेचे दागिने आहेत हो! भाच्याचं बोरनहाण आहे!" मी ओरडलो.

"साखरेचे दागिने लोखंडानं जखडून नेतोस? सोन्याचे बी असे कोण नेत नाय!"

माघार घेईन तर मी कसला! मी म्हटलं, "बसा मागे. चला कल्याणला. तिथे पाना मिळेल, तुमच्यासमोर पेटी उघडतो. दारूचा थेंब निघाला तर मला तिथूनच घेऊन जा."

आणि तो बसला की हो! माझ्या आणि पेटीच्या मधल्या एवढ्याशा जागेत ते धूड. पुढचा सगळा रस्ता मी फटफटी हाणत होतो आणि तो माझा कोट धरून देवाचं नाव घेत होता.

"हवालदारसाहेब, बघा, पेटी हलतेय का?"

"पेटी न्हाई हलत! मीच हलतोय! हळू घे!"

कुसुमच्या दारात उतरलो. अंगणात काळ्या साड्या नेसलेल्या वीस-पंचवीस बायका, मधे रांगोळीत पाट, पाटावर काळ्या झबल्यातला भाचा. सगळे माझीच वाट बघत होते. मी आलो, आणि मागून पोलीस उतरला!

"अगं बाई!" कुसुमच्या सासूबाई म्हणाल्या. "मामा वॉरंट घेऊन आले की काय?"

कुसुमनं तोंडाला पदर लावला. आई चौकटीला धरून उभी राहिली. मी घाईघाईनं सगळं सांगायला लागलो, पण "दारू" हा शब्द कानी पडल्यावर पुढचं कोण ऐकतंय! वडील गल्लीतल्या सायकलवाल्याकडून पाना घेऊन आले.

फटफटी तशीच अंगणात घेतली. पट्ट्या सोडवल्या. हवालदार पुढे, बायका मागे, आई माझ्या शेजारी. "बघा," मी छाती काढून म्हटलं, "एवढा खराब रस्ता, पण पेटी तसूभरही हलली नाही!" आणि झाकण उघडलं.

आत चुरा होता.

मुकुटाचा चुरा, बाजूबंदांचा चुरा, कमरपट्ट्याचा चुरा. पुठ्ठे आणि दोरे तेवढे शिल्लक. अहो, पेटी हलू नये म्हणून मी ती गाडीशी एकजीव केली होती, तेव्हा गाडीचा प्रत्येक दणका आतल्या मालालाच खावा लागला! हवालदारानं चिमूटभर तोंडात टाकलं. "साखरच हाय," तो म्हणाला. बिचारा निराश झाला. मी तर मेल्याहून मेलो. आईच्या भाजलेल्या बोटांकडे बघायची हिंमत होईना.

आणि सासूबाई? मी टोमण्याची वाट बघत होतो. पण त्यांनी चुरा ओंजळीत घेतला, एकेक दाणा निरखला आणि म्हणाल्या, "विहीणबाई, काटा काय सुरेख आलाय! आमच्या कल्याणात असा हलवा कुणाला जमायचा नाही. डोक्यावरून ओतायचाच आहे ना? मग ओतूया." आईचे डोळे भरून आले. मलाही इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

तेवढ्यात आईला पेटीच्या कोपऱ्यात एक गाठोडं दिसलं. तिच्याच त्या मऊ लुगड्यात घट्ट बांधलेलं, आत कापसाचे थर. तिचा चेहरा उजळला. "अगं कुसुम, काहीतरी वाचलंय! बासरी असेल!" सगळ्या बायका पुढे वाकल्या. मी "आई, ते राहू दे," असं म्हणेपर्यंत तिनं गाठ सोडलीसुद्धा. थरांमागून थर कापूस निघाला.

आणि आतून निघाले माझे पाने. तेल लावलेले, चकचकीत, ओरखडासुद्धा नाही.

आईनं एक पाना हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं, पाटावरच्या भाच्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "एवढे जपून आणलेस ना? मग आता हेच घाल त्याच्या गळ्यात!"