पुत्राशिवाय पिता

सव्वीस वर्षं मी आमच्या चर्चमध्ये दर रविवारी मिस्सानंतर, म्हणजे सामुदायिक उपासनेनंतर, मुलांना धर्मशिक्षण दिलं, आणि एवढ्या वर्षांत पवित्र त्रैक्याबद्दल, म्हणजे एकाच देवात तीन व्यक्ती या शिकवणीबद्दल, मला कधी शंका म्हणून आली नाही. त्याचं कारण श्रद्धा नव्हती, हे आता कळतं. मी शाळेत विज्ञान शिकवायचो, आणि विज्ञानाच्या मास्तरला एखादी गोष्ट टेबलावर करून दाखवता आली की ती आपल्याला समजली असंच वाटतं. मी मासळीवालीकडून बर्फाचा तुकडा मागून आणायचो, शेजारी पेलाभर पाणी ठेवायचो आणि स्टोव्हवर किटली चढवायचो. बर्फ, पाणी, वाफ. पदार्थ एकच, रूपं तीन. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचंही तसंच, असं सांगून मी हात झटकायचो. मुलं खूश, फादर खूश, मी तर फारच खूश. ठाण्याच्या खाडीकाठच्या आमच्या गावठाणातली निम्मी तरुण मंडळी त्या किटलीवरच त्रैक्य शिकली. माझा एकुलता एक मुलगा एल्विनसुद्धा.

एल्विनला डोंबिवलीत नोकरी लागली, लग्न झालं, ठाकुर्लीला त्याने फ्लॅट घेतला. तिथे एका दुकानावरच्या हॉलमध्ये प्रार्थनेला जमणाऱ्या मंडळींत तो जाऊ लागला. देव अगदी एक आहे, त्यात तीन व्यक्ती नाहीत, तोच एक देव कधी पिता म्हणून, कधी पुत्र म्हणून प्रकट झाला आणि त्याचं नाव येशू, असं ती मंडळी मानतात. एका रविवारी जेवणं झाल्यावर त्याने शांतपणे सांगितलं की त्याने पुन्हा बाप्तिस्मा घेतला आहे, फक्त येशूच्या नावाने. त्याचा पहिला बाप्तिस्मा झाला तेव्हा मेणबत्ती माझ्या हातात होती.

मी आवाज चढवला, त्याने नाही चढवला. "पपा, बायबलमध्ये त्रैक्य हा शब्द दाखव मला," तो म्हणाला. मला दाखवता आला नाही, कारण तो तिथे नाहीच. "पहिले शिष्य यहुदी होते. देव एकच, हे ते लहानपणापासून शिकलेले. ते बाप्तिस्मा येशूच्या नावाने द्यायचे. हे सगळं नंतर आलेलं आहे." मी आजोबा-पणजोबा काढले, त्याच्या आजीची जपमाळ काढली, जे जे काढता येईल ते काढलं. मग तो म्हणाला, "आणि पपा, तूच तर शिकवलंस. बर्फ, पाणी, वाफ. मी तेच मानतो."

उत्तर नसलेला बाप दाराकडे बोट दाखवतो. हे सोडशील तेव्हाच या घरात ये, असं मी म्हणालो. तो गेला. माझी बायको भांडी आवरत होती. हातातलं पातेलं खाली ठेवून ती एवढंच म्हणाली, "देवाचं देव बघून घेईल. पोराचं तू बघ."

मी बघितलं नाही. चौदा महिने बघितलं नाही. त्या दरम्यान एल्विनला मुलगी झाली. त्याच्या कंपनीला शुक्रवारी सुट्टी असते, म्हणून दर शुक्रवारी बायको डबा भरून ठाकुर्लीला जायची. जाते म्हणून सांगायची, मी टीव्हीचा आवाज वाढवायचो. संध्याकाळी परत आली की स्वयंपाकघरात कुकरला उद्देशून मोठ्याने बोलायची: आज बसायला लागली, आज दोन दात दिसले, हसते तेव्हा अगदी आजोबांसारखी एक भुवई वर जाते. मी हॉलमध्ये बसून सगळं ऐकायचो आणि ऐकलंच नाही असं दाखवायचो. माझ्या हट्टाचा मला त्या काळात अभिमानच वाटत होता, हे कबूल करायला हवं.

मुलाला खोटं पाडायचं एवढ्या एका हेतूने मी अभ्यासाला बसलो. घोडबंदर रोडला आमचे एक निवृत्त फादर राहतात. त्यांनी मला आपल्या तरुणपणची जाड वही दिली, पहिल्या काही शतकांतल्या ख्रिस्ती लोकांच्या श्रद्धेवर त्यांनी काढलेली टिपणं. तिसऱ्या रात्री मी वही मिटून ठेवली ती दोन दिवस उघडली नाही. एल्विन म्हणतो तशी माणसं खरोखरच अगदी सुरुवातीच्या शतकांतही होती. साधी, भाविक माणसं. आपण एकाऐवजी दोन-तीन देव तर मानू लागलो नाही ना, या भीतीने ती म्हणायची की पिताच पुत्र होऊन आला. त्यावर इतरांनी त्यांना विचारलं, मग क्रूसावर पिता मेला काय? अटक होण्याआधी बागेत येशू गुडघे टेकून प्रार्थना करत होता ती कोणाला, स्वतःलाच? शेवटी ख्रिस्तसभेने, म्हणजे चर्चने, ती शिकवण नाकारली, शिकवणाऱ्याला बाहेर काढलं. आणि ती शिकवण कोणती, तर एकच देव, वेगवेगळी रूपं. म्हणजे माझी किटली. ख्रिस्तसभेने जे कधीच दाराबाहेर काढलं होतं ते मी सव्वीस वर्षं तिच्याच वर्गात बसून शिकवत होतो, आणि तेच मानलं म्हणून मी पोराला घराबाहेर काढलं होतं.

मला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती. मी वर्ग सोडला, गुडघे दुखतात असं कारण दिलं. त्याहून वाईट म्हणजे प्रार्थना बंद पडली. क्रूसाची खूण करायला हात कपाळाला जायचा, 'पित्याच्या' म्हणायचो आणि पुढे 'पुत्राच्या' म्हणायला जीभ रेटायची नाही. एवढी वर्षं मी नक्की कोणाशी बोलत होतो? एल्विन बरोबर असेल तर माझी प्रार्थना चुकीची, आणि चर्च बरोबर असेल तर माझी शिकवण चुकीची. मिस्सामध्ये मी मागच्या बाकावर बसून पंख्याकडे बघत राहायचो.

वही पुढे वाचली ती केवळ उरली होती म्हणून. त्यात एके ठिकाणी दुसऱ्या एका वादाबद्दल होतं. काही जण म्हणत होते की पुत्र नंतर निर्माण झाला, एक वेळ अशी होती की तो नव्हताच. त्यांना उत्तर देणाऱ्यांनी विचारलं होतं, मग त्या वेळी देव पिता कसा होता? पुत्राशिवाय कोणी पिता होत नाही. देव अनादि काळापासून पिता असेल तर पुत्र नव्हता असा क्षणच कधी नव्हता. मुद्दा बिनतोड आहे, असं म्हणून मी तो कागदावर उतरवून घेतला. तोच देव कधी पिता, कधी पुत्र म्हणणाऱ्या एल्विनच्या तोंडावर मारायला बरा होता.

त्या शुक्रवारी बायको ठाकुर्लीला गेली आणि मी वही परत करायला घोडबंदरच्या बसमध्ये बसलो. दुपारची वेळ, आणि नेहमीप्रमाणे सगळं ठप्प. माझ्या शेजारी लुगडं नेसलेली सत्तरीची एक आगरी बाई होती, मांडीवर स्टीलचा डबा. खिडकीतून टॉवर दाखवत तिने हे शेत कोणाचं होतं, ते कोणाचं, असं सगळं सांगितलं. मी वहीत डोकं घातलं, पण ती गप्प बसणाऱ्यातली नव्हती. "तुला पोरं किती?" तिने विचारलं.

मी का तसं बोललो मला माहीत नाही. तिचा वैताग आला होता, उकाडा होता, आणि चौदा महिन्यांचा राग कुठेतरी तयारच बसलेला असावा. मी म्हणालो, "मला मूल नाही."

तिचा हात डब्यावरचा उठून माझ्या मनगटावर आला. "आरं बाबा," ती म्हणाली, आणि खरंच तिचे डोळे भरले. "मंग तुला कोनी कदी बाप म्हनून हाकच नाय मारली?"

तिने डबा उघडून गावदेवीचा प्रसाद, खोबरं आणि साखर, माझ्या हातावर ठेवली आणि पदराने डोळे पुसले. माझं जिवंत मूल तिथून तासाभराच्या अंतरावर होतं आणि एक अनोळखी बाई त्याच्या नसण्यासाठी रडत होती. वही माझ्या मांडीवर उघडीच होती. पुत्राशिवाय कोणी पिता होत नाही. जे वाक्य मी मुलाला हाणायला जपून ठेवलं होतं ते मलाच लागलं, आणि असं लागलं की मला बसमध्ये बसवेना. उठलो, बस जागची हलत नव्हतीच, कंडक्टरला दार उघडायला लावलं आणि रस्ता ओलांडून उलट्या दिशेच्या रिक्षात बसलो.

ठाकुर्लीच्या त्या इमारतीला लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावर बायकोने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि बाजूला झाली. एल्विन आतून आला, कडेवर मुलगी. त्याचा चेहरा लगेच ताठ झाला. वाद घालायला आलोय, असंच त्याला वाटलं, आणि वाटू नये असं मी काही केलंही नव्हतं.

"मी तुला चुकीचं शिकवलं," मी दारातूनच म्हणालो. "किटली, बर्फ, सगळं चूक."

"म्हणजे माझं चूक, असंच ना?"

"ते राहू दे. आज बसमध्ये एका बाईला मी सांगितलं, मला मूल नाही. तेवढं सांगायला आलोय."

त्याने मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग म्हणाला, "आत ये, पपा. जेवलास का?"

मी पायपुसण्यावर उभा राहून लहान मुलासारखा रडलो. नात घाबरून रडायला लागली, तिला बघून सून रडायला लागली. शेवटी बायको म्हणाली, "आता कोणीतरी भात वाढा." हात पुढे केला तेव्हा कळलं, खोबरं-साखर मुठीतच होती आणि फादरची वही बसमध्ये राहिली होती. पुढे फादरांना हे सांगितलं तेव्हा ते हसले. ती वही आजवर कोणाच्या कामी आली नव्हती, एकाच्या आली एवढं पुरे, असं म्हणाले.

या गोष्टीला आता दोन वर्षं होतील. एल्विन अजून त्या हॉलमध्येच जातो, मी माझ्या चर्चमध्ये. नातीचा बाप्तिस्मा कुठेच झालेला नाही. ते मला सलतं, खोटं कशाला सांगू? पण मी तो विषय काढत नाही, प्रार्थनेत ठेवतो. बागेत येशू कोणाशी बोलत होता, हे मी एल्विनला एकदा विचारलं. त्याने विचार केला, अजून करतोय. त्याच्याही काही प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे नाहीत, आणि आता ती नसल्याने माझा आवाज चढत नाही. देव एक आहे की एकात तीन, हे टेबलावर मांडून सिद्ध करायची माझी खुमखुमी गेली. क्रूसाची खूण मात्र आता अडत नाही. न समजलेल्या देवापुढे गुडघे टेकता येतात, एवढं मी उशिरा शिकलो.

ती बाई मला पुन्हा कधी दिसली नाही. ती कोणी देवदूत होती असं मी म्हणत नाही. लेकीकडे डबा घेऊन निघालेली एक बाई होती, तसं तिनेच सांगितलं होतं. पण त्या बसमध्ये, त्या सीटवर, त्या दुपारी तिला कोणी बसवलं, हे मी मनाशी जाणतो आणि त्याचे आभार मानतो. ज्या पित्याला मी रोज हाक मारतो तो आपल्या पुत्राशिवाय एक क्षणही राहिला नाही. मी चौदा महिने राहिलो, तेही माझ्या हट्टाने. आणि तरीही त्याने मला पुन्हा बाप होऊ दिलं.