वर्नानं लिहिलेलं दीड पान

वर्ना हॉस्टेटलर आणि मी, आम्ही दोघींनी एकाच बँकेत बावीस वर्षं काम केलं. मी आत काउंटरवर असायचे. ती बाजूच्या खिडकीवर, जिथं लोक गाडीतून न उतरताच व्यवहार करतात. लोक चेक डब्यात घालायचे, हवेच्या दाबानं तो डबा नळीतून सरकन आत यायचा, आणि वर्ना त्यात पैसे, पावती आणि गाडीत कुत्रं असलंच तर एक बिस्कीट घालून परत पाठवायची. तिला माणसांपेक्षा कुत्र्यांची नावं जास्त पाठ आहेत, असं आम्ही तिला चिडवायचो.

१९७४ साली, एकोणिसाव्या वर्षी ती कामाला लागली तेव्हा बँक आमच्या गावाचीच होती. धान्याचं दुकान चालवणाऱ्या डेटवायलर कुटुंबानं काढलेली. पुढं क्लीव्हलंडच्या एका बँकेनं ती घेतली, तिला आणखी एका मोठ्या बँकेनं गिळलं, आणि शेवटी देशभर हजारो शाखा असलेल्या एका प्रचंड बँकेनं त्या सगळ्यांनाच. पाटी तीनदा बदलली. दर वेळी नवी पत्रकं यायची. घरासाठी कर्ज, म्हातारपणासाठी गुंतवणूक, मग फोनवरून व्यवहार. गावातले लोक मात्र ‘जरा डेटवायलरकडे जाऊन येतो’ असंच म्हणत राहिले.

२०१६ साली मुख्य कचेरीचं पत्र आलं. बँकेच्या इतिहासाचं पुस्तक निघणार होतं आणि प्रत्येक जुन्या शाखेनं आपली हकिगत दीड पानात पाठवायची होती. आमचा मॅनेजर टॉड लिंडनर नुकताच कोलंबस शहरातून बदलून आला होता. त्यानं ते काम वर्नाकडे दिलं. ते सोपं होतं, कारण आमच्या शाखेची गोष्ट तयारच होती. १९३३ च्या मार्चमध्ये बँका धडाधड बुडत असताना एमोस डेटवायलर बँकेच्या पायरीवर उभा राहिला आणि पैसे काढायला रांग लावलेल्या प्रत्येकाला त्यानं पैसा न् पैसा चुकता केला. गावातल्या शाळेतही ही गोष्ट सांगत. कामावर नव्यानं आलेल्या प्रत्येकाला ती वर्ना सांगायची. मलाही तिनंच सांगितली होती.

पण लिहायचंच आहे तर डोळ्यांनी पाहिलेल्या कुणाला तरी विचारावं, असं तिच्या मनात आलं. असं एकच माणूस उरलं होतं. इर्मा झूक, वय चौऱ्याण्णव, गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात. एका रविवारी वर्ना सफरचंदाचं सारण भरलेला ‘ॲपल पाय’ भाजून घेऊन निघाली आणि मलाही बरोबर घेतलं.

इर्मानं खाता खाता सगळी गोष्ट ऐकली आणि काटा खाली ठेवला.

“तुला कुणी सांगितलं हे?”

“सगळेच सांगतात की.”

“सगळे तिथं नव्हते. मी होते. अकरा वर्षांची, वडिलांचा हात धरून उभी.”

मग तिनं सांगितलं. एमोस पायरीवर उभा राहिला होता हे खरं, पण त्यानं पैसे वाटले नाहीत. पैसे नाहीत, घरी जा, एवढंच तो म्हणाला. सरकारनं त्या आठवड्यात देशातल्या सगळ्याच बँका बंद केल्या होत्या. पुष्कळशा लवकर उघडल्या, आमची सात महिने उघडली नाही. उघडली तेव्हा ठेवीतल्या दर डॉलरमागे पंचावन्न सेंट हातात आले. इर्माच्या वडिलांनी त्यानंतर मरेपर्यंत बँकेत पाऊल टाकलं नाही. इर्मानं मात्र अठराव्या वर्षी, घरी न सांगता, त्याच बँकेत खातं उघडलं.

“का पण?” वर्नानं विचारलं.

“त्या सात महिन्यांत एमोस रोज दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसायचा. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या शिव्या ऐकायचा. माझ्या वडिलांच्याही. त्याला दुसऱ्या गावी निघून जाता आलं असतं. नाही गेला.”

 परतताना गाडीत वर्ना म्हणाली, “चाळीस वर्षं मी लोकांना खोटं सांगत आले गं.”

“तुला कुठं माहीत होतं?”

“विचारलंही नाही ना कधी.”

ग्रंथालयात तीन संध्याकाळी बसून तिनं जुनी वर्तमानपत्रं पाहिली. इर्मा म्हणाली तसंच होतं सारं. मग तिनं दीड पान लिहिलं आणि आधी इर्माला वाचायला दिलं. इर्मानं एकच दुरुस्ती सांगितली. वडिलांच्या नावात एक अक्षर चुकलं होतं.

ते वाचून टॉड धास्तावला. तो वाईट माणूस नव्हता, पण ते पुस्तक ग्राहकांना भेट म्हणून जाणार होतं. बँक सात महिने बंद होती हे आपणच कशाला सांगायचं, असं त्याचं म्हणणं. जुनी गोष्टच पाठवू, ती कुणाला खटकत नाही.

“बंद होती ना पण,” वर्ना म्हणाली. “माझं नाव खाली घाल. कुणी विचारलं तर मी उत्तर देईन.”

त्यानं वर्नाचं दीड पान होतं तसंच पाठवलं. वर्षभरानं गुळगुळीत कागदाचं जाडजूड पुस्तक आलं. आमच्या शाखेला त्यात चार ओळी होत्या. स्थापनेचं साल, विलीनीकरणाचं साल, इमारतीचा छोटा फोटो. खरी गोष्टही नव्हती आणि खोटीही नव्हती. वर्नानं पान उलटलं, पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं आणि खिडकीवर परत गेली. 

पण ग्रंथालयातल्या बाईंनी तिच्याकडून त्या दीड पानाची एक प्रत मागून घेतली होती आणि ती दारालगतच्या फळ्यावर लावली. गावात कुजबुज सुरू झाली. काही जण वर्नाशी बोलेनासे झाले. गेलेल्या माणसाची अब्रू घालवली, म्हणायचे.

मग एका गुरुवारी कोरीन डेटवायलरची गाडी खिडकीपाशी येऊन थांबली. ही एमोसची नात, तीही सत्तरीला आलेली. तिनं डब्यात काहीच घातलं नाही. ध्वनिक्षेपकातून तिचा आवाज आत सगळ्यांना ऐकू आला.

“आजोबांबद्दल तू लिहिलंस का?”

“हो. मीच.”

“घरी आम्हाला माहीत होतं. बाहेर कुणी ती पैसे वाटल्याची गोष्ट काढली की आजोबा टोपी घ्यायचे आणि उठून जायचे. त्यांना वाटायचं, लोक टोमणा मारतायत.”

 मागच्या गाडीनं भोंगा वाजवला. कोरीननं तिकडं लक्षच दिलं नाही.

“मला एक प्रत हवी,” ती म्हणाली. “माझ्या मुलांना अजून ती दुसरीच गोष्ट माहीत आहे.”

वर्नानं प्रत काढली, घडी घालून डब्यात ठेवली आणि बटण दाबलं. मग खुर्ची मागं सरकवून ती खिडकीतून, गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत, बघत उभी राहिली.

पुढच्या वर्षी ती निवृत्त झाली. नंतर ती शाखाही बंद पडली आणि आता तिथं दातांचा दवाखाना आहे. तिचं दीड पान ग्रंथालयात काचेखाली ठेवलंय. पेनानं दुरुस्त केलेलं ते एक अक्षर त्यात अजून दिसतं.