वाटीवरची बांगडी

मी चौथीसुद्धा पुरी केली नाही, तेव्हा लिहिताना चुकेल. पण खोटं लिहिणार नाही. खोटं एकदाच बोललो, बायकोशी, तेवढं जन्माला पुरलं.

तरुणपणी मला मांजराचा राग होता. दुधात तोंड घातलं की पोत्यात भरायचं आणि ओढ्यापलीकडं सोडायचं, एवढंच ठाऊक. लोणावळ्याला रेल्वेच्या गँगमध्ये रुळांच्या कामावर होतो. जर्मनशी झालेल्या पहिल्या लढाईत साहेबानं आमच्यातले काही गडी लाइन टाकायला अरबांच्या मुलखात, बसऱ्याला नेले. आगबोटीत मी इतका ओकलो की देवाला म्हणालो, बुडव, पण हे हलणं थांबव.

बसऱ्यात खजुराची झाडं सोडली तर सावली नाही. चहा काळा, बिनदुधाचा, एवढ्याशा काचेच्या पेल्यात. आणि जिकडंतिकडं मांजरं. चहाच्या दुकानात बाकावर माणसं, त्यांच्या मधे मांजर झोपलेलं. नवीन गिऱ्हाईक आलं तर मांजराला कुणी उठवत नसे, माणसंच सरकायची. एकदा मी एकाला पायानं ढकललं. शेजारचा म्हातारा त्याच्या भाषेत काहीबाही बोलला, मांजर उचललं आणि माझ्याच मांडीवर आणून ठेवलं. सगळं दुकान हसलं. मला उठता येईना. ते पोटाशी गुरगुरत होतं. घर सोडल्यापासून कुणी असं जवळ आलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं ते मी उन्हावर ढकललं.

परत आल्यावर बायकोला हे सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तितं मांडीवर, आन् हितं पोत्यात व्हय? लय शाना गं बाई माझा नवरा." दुसऱ्या दिवशी घरात पिल्लू. तेव्हापासून लोणावळ्यातल्या तुंगार्लीच्या आमच्या खोलीत कायम मांजर होतं. मूलबाळ आम्हाला नव्हतं. ती हातातली बांगडी पितळी वाटीवर दोनदा वाजवायची, टिण् टिण्. मांजर कौलावर असो नाहीतर शेजारणीच्या चुलीमागं, धावत यायचं.

शेवटचं मांजर पिवळं होतं. ती खोकल्यानं अंथरुणाला खिळली तेव्हा वैद्य म्हणाले, मांजराचे केस छातीला वाईट, घालवा त्याला. ती झोपली होती. मी पोतं काढलं, गाडीनं कामशेतला गेलो आणि मांजर बाजारात सोडून आलो. तिला म्हणालो, "उंदरामागं गेलंय, येईल."

ती रोज पडल्यापडल्या वाटी वाजवायची. हात उचलत नव्हता तरी. मी समोर बसलेला असायचो. एक दिवस म्हणाली, "आवो, आलं की दूध घाला त्याला. ऊन घालू नका, जीभ भाजती." दुसऱ्या दिवशी ती गेली.

दहाव्याला इंद्रायणीकाठी पिंड ठेवला. कावळे झाडावरून उतरेनात. मेव्हणा म्हणाला, "दाजी, ताईचं काय मागं राहिलंय ते बोला." मी मोठ्यानं म्हणालो, "तिचं मांजर मी सोडून आलो आणि तिला फसवलं. परत आणतो." कावळा तरीही शिवला नाही. दर्भाचा कावळा करून उरकलं. पण मी चारचौघांत बोललो होतो.

तेरावा झाल्यावर वाटी आणि तेच पोतं घेऊन कामशेतला गेलो. एका किराणा दुकानात आमचं पिवळं मांजर तांदळाच्या पोत्यावर झोपलेलं दिसलं. मी नखानं वाटी वाजवली. त्यानं एक कान हलवला आणि पुन्हा झोपलं.

दुकानदाराची बायको म्हणाली, "वाटी घेऊन आलाय आबा, तेल पायजे का?"

"मांजर पायजे. माझ्या बायकोचं हाय."

"मग त्यांनाच धाडा की. तुमच्याकडं बघतबी न्हाई ते."

"ती न्हाई आता."

तिनं पुढं होऊन माझ्या हातातली वाटी घेतली. घेताना तिची बांगडी काठाला लागली, टिण्. मांजर ताडकन उभं राहिलं. तिला कळलं. तिनं मुद्दाम आणखी एकदा वाजवली, तसं ते उडी मारून आलं.

"न्या आबा. पर पोत्यात नगं. उपरण्यात घ्या."

स्टेशनच्या वाटेवर कासार बसला होता. त्याच्याकडं एक हिरवी बांगडी मागितली.

"एकच? एक कुणी भरतं का आबा? हात केवढा हाय?"

"हात न्हाई," मी म्हणालो. त्यानं एक बांगडी काढून माझ्या तळहातावर ठेवली.

घरी आल्याबरोबर मांजर माळ्यावर जाऊन बसलं. मी दूध गार करून वाटीत ओतलं. बांगडी दोन बोटांत धरली आणि काठावर दोनदा वाजवली. मांजर धावत खाली आलं. दुधाकडं त्यानं बघितलंच नाही. माझ्या मागं, तिचं अंथरूण असायचं तिकडं बघत उभं राहिलं.

मीपण वळून बघितलं.