हौदाकडच्या मिरच्या

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत चहाचा आग्रह बंद झाला होता. आलेल्या माणसानं आधीच 'चहा नको' म्हणायचं आणि आपण 'बरं' म्हणायचं. कुणी वाईट वाटून घेत नव्हतं. वाईट वाटून घ्यायला दुसऱ्या बऱ्याच गोष्टी होत्या.

घरात आम्ही दोघीच असायचो, मी आणि आत्याबाई. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. मी इथल्या एका शाळेत शिकवते. नवरा नांदेडला नोकरीला होता. तो शनिवारी संध्याकाळी यायचा, येताना एसटीतनं पाण्याचे कॅन घेऊन.

आमच्या घराला आणि शेजारच्या घराला लागून जमिनीत एक हौद होता. समोरची दोन आणि आमची दोन, अशा चार घरांनी मिळून तो आदल्या वर्षी बांधला होता. टँकर आला की हौद भरून घ्यायचा आणि ठरलेल्या सकाळी सगळ्यांसमोर घागरी मोजून वाटायचं. मध्ये कुणी हात लावायचा नाही. हौदाचं झाकण आमच्या अंगणात उघडायचं, म्हणून त्याच्या कुलपाची किल्ली आमच्याकडं होती. तेव्हा ते सोयीचंच वाटलं होतं सगळ्यांना.

त्या हौदाला लागूनच आत्याबाईंच्या मिरच्या होत्या. एक ओळ हौदाकडं, दुसरी फाटकाकडं. बी त्यांच्या माहेरचं, देवणीकडचं. मिरची आखूड, जाड, आणि ठेच्याला घेतली तर शेजारच्या घरात ठसका जाईल अशी. घमेल्यात रोपं करून त्यांनी ती थंडी सरताना लावली होती. ऊन तापायला लागलं तसं त्यांनी बुडाशी सोयाबीनचं भुसकट वीतभर पसरलं, काठ्या रोवून वर जुनं लुगडं बांधलं आणि पाण्याची सोय स्वतःच्या अंगावर घेतली. आंघोळ परातीत बसून करायच्या. साबण नाही, डाळीचं पीठ. परातीतलं पाणी संध्याकाळी तांब्यानं एकेका बुंध्याला. सकाळी गळ्यातलं लिंग हातावर घेऊन पूजा झाली की ते पाणीही झाडालाच, कारण ते पायदळी जाता कामा नये. हौदातला आमच्या वाट्याचा थेंबसुद्धा त्यांनी कधी मिरच्यांना घातला नाही. हे मला माहीत होतं. पण मी सकाळी शाळेत जायचे, आणि गल्ली दिवसभर तिथंच असायची.

मी एकदा म्हटलं होतं, "आत्याबाई, बाजारात मिळतात की मिरच्या. कशाला एवढा जीव काढता?"

"मिळतात की. तुझ्यासारख्या मास्तरणीबी लई मिळतात. मग तू कशाला जातीस शाळेत?"

त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

एप्रिलच्या आसपास हौदातलं पाणी कमी भरायला लागलं. टँकर आला की समोरचे निवृत्त मास्तर बांबू बुडवून खडूनं खूण करायचे. वाटपाच्या सकाळी बांबू पुन्हा घातला तर पाणी खुणेच्या बरंच खाली. पहिल्यांदा सगळे म्हणाले, उन्हानं आटलं असेल. झाकण बंद असलेल्या हौदातलं पाणी उन्हानं कसं आटेल, हे कुणी विचारलं नाही. दुसऱ्यांदा मास्तरांनी गवंडी आणला. त्यानं बॅटरी मारून आत बघितलं, भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाला, "भिंती ठणठणीत हायेत. ओल कुठं दिसंना." मग सगळ्यांचे डोळे एकदा आमच्या दाराकडं वळले, कारण किल्ली आमच्याकडं होती.

शेजारच्या वहिनींची मुलगी त्या वेळी बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरत आले होते. त्यांचं किराणा दुकान आहे. माणसं चांगली, लग्न होऊन मी इथं आले तेव्हापासूनचा घरोबा. पण त्या दिवसांत वहिनींची झोप उडाली होती. बाळंतिणीला आणि बाळाला पाणी कुठनं आणायचं, या एकाच विचारात त्या फिरत होत्या.

तिसऱ्या खेपेला पाणी पुन्हा कमी भरलं तेव्हा वहिनी घागर तशीच ठेवून आमच्या वाफ्यापाशी आल्या. वाटप लांबलं होतं आणि चढत्या उन्हानं फाटकाकडची ओळ माना टाकून होती. हौदाकडची मात्र ताठ. पानं तुकतुकीत, मिरच्या लगडलेल्या.

"हे बघा," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "साऱ्या लातूरची झाडं करपून राहिलीत आन् ह्यांच्या मिरच्या अशा. हे काय आंघोळीच्या पाण्यावर होतं व्हय?"

आत्याबाई पायरीवर बसल्या होत्या. उठल्या नाहीत. "कशाच्या पाण्यावर होतं मग? बोल ना. सरळ बोल."

"मी कशाला बोलू? किल्ली कुणाकडं हाय ते सगळ्यांला ठाऊक हाय. माझी पोरगी आज-उद्याची हाय, मावशी. तिला पाणी न्हाई आन् तुमच्या मिरच्यांला हाय!"

शाळेला सुट्टी होती म्हणून मी घरी होते, मी मध्ये पडले. "वहिनी, खामखा काही बोलू नका. मी बघते ना रोज."

"तुम्ही शाळेत असता," वहिनी म्हणाल्या.

मास्तरांनी 'जाऊ द्या, जाऊ द्या' केलं, पण तेही आत्याबाईंकडं बघत नव्हते. आत्याबाई उठल्या, आत गेल्या आणि त्यांचा पाण्याचा तांब्या आणून सगळ्यांसमोर पालथा घातला.

"आजपासून ह्या झाडांला माझ्या हातचा थेंब न्हाई. आंघोळीचा न्हाई, पूजेचा न्हाई. मरू द्या."

आणि त्यांनी तसंच केलं. आंघोळीचं पाणी त्या मोरीत सोडायला लागल्या. पूजेचं पाणी मी गच्चीवरच्या तुळशीला घालायचे. काठ्यांवरचं लुगडंही त्यांनी उतरवून ठेवलं. मी काही बोलायला गेले की त्या दुसरीकडं बघायच्या.

फाटकाकडची ओळ आठवडाभरातच गेली. आधी फुलं गळाली, मग पानं वळून कागदासारखी झाली. पण हौदाकडची ओळ उभीच राहिली! दुपारी किंचित मलूल व्हायची आणि सकाळी पुन्हा ताठ. नव्या मिरच्या धरत होत्या. दोन मिरच्या तर लालही झाल्या.

ज्या झाडांचं मरण आम्ही सगळ्यांसमोर बोलून बसलो होतो, ती झाडं मरेनात. येणारे-जाणारे फाटकापाशी थांबायचे, बघायचे आणि पुढं जायचे. वहिनी आमच्याकडं पाठ करून अंगण झाडायच्या. किराणा आणायला मी लांबच्या दुकानात जायला लागले. रोज सकाळी उठल्यावर मी आधी ती ओळ बघायचे आणि मनातल्या मनात म्हणायचे, वाळा गं बायांनो, आज तरी वाळा.

आत्याबाईंनाही ते कळत होतं. त्या वाफ्याकडं बघतच नव्हत्या. जेवण निम्म्यावर आलं होतं.

मधल्या शनिवारी नवऱ्याला यायला जमलं नव्हतं. पुढच्या शनिवारी आला तो आधीच सगळं ऐकून. वहिनींच्या मिस्टरांनी त्याला नांदेडला फोन केला होता. रविवारी जेवणं झाल्यावर, आत्याबाई ओसरीत बसलेल्या असताना, तो त्यांच्यासमोर जाऊन बसला.

"आई, एक विचारू का? रागावू नको."

"विचार."

"तू दुपारचं, कुणी नसताना, घालतीस का थोडं? घातलं असंल तरी मी काही म्हणणार नाही. मी टँकर मागवून भरून देईन. पण खरं सांग."

माझ्या हातात ताटं होती, ती मी तशीच धरून उभी राहिले. आत्याबाईंनी त्याच्याकडं नुसतं बघितलं. राग असता तर बरं झालं असतं. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला.

"तूबी?" एवढंच म्हणाल्या.

मग त्या भिंतीला धरून उठल्या, अनवाणीच अंगणात गेल्या. फरशी तापलेली होती. मी चपला घेऊन मागं धावले, पण त्या थेट वाफ्यात शिरल्या. हौदाकडच्या ओळीत मधोमध सगळ्यांत दांडगं झाड होतं, खाली-वर मिरच्यांनी भरलेलं. त्याच्या बुंध्याला त्यांनी दोन्ही हातांनी धरलं.

"घे. ह्याच्यासाठी माझी इज्जत गेली ना? घे!"

आणि जोर लावून उपटलं.

झाड मुळासकट आलं. आत्याबाई मागं तोल जाऊन खाली बसल्या. मी त्यांना धरायला वाकले आणि माझ्या पायावर काहीतरी थंडगार पडलं. चिखल होता. वरची माती भुसकटाखाली कोरडी ठक्क होती, पण खालच्या मुळ्यांना काळा, गार चिखल लगडला होता. त्या उन्हाळ्यात असला चिखल आम्ही कुणी पाहिला नव्हता.

नवरा खाली बसला, खड्ड्यात हात घातला, बाहेर काढून बघितला. मग त्यानं खुरपं घेतलं, मग फावडं. जसजसं खाली जाईल तसतशी माती जास्त ओली. कोपरभर खाली गेल्यावर खड्ड्यात पाणी साचायला लागलं.

"मास्तर!" तो फाटकाकडं बघून ओरडला. "अहो मास्तर, इकडं या! सगळे या!"

सगळे आले. वहिनीही आल्या, मागं उभ्या राहिल्या. मास्तरांनी बांबू खड्ड्यात टेकवला, हौदाकडं बघितलं आणि कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौदातलं उरलेलं पाणी घागरींनी वाटून घेतलं आणि गवंडी आत उतरला. तळाचा गाळ खरवडल्यावर कोपऱ्यात भेग सापडली. काळी माती वाळून आवळते, जागोजागी फाटते. तशीच ती हौदाखाली फाटली होती आणि तिच्याबरोबर हौदाचा तळही फाटला होता. चार घरांचं पाणी गाळाखालून आमच्या मिरच्यांच्या मुळाशी जात होतं.

दुरुस्तीसाठी त्या बाजूनं खणायला लागणार होतं, म्हणजे ओळ काढायलाच लागणार. गवंडी म्हणाला, "आजी, तोडून घ्या जेवढ्या हायेत तेवढ्या."

आत्याबाई परडी घेऊन बसल्या. थोड्या वेळानं वहिनी आल्या, समोर उकिडव्या बसल्या आणि मिरच्या तोडायला लागल्या. बराच वेळ दोघी मान खाली घालून तोडत होत्या.

शेवटी आत्याबाई म्हणाल्या, "देठासकट तोड. न्हाई तर सडतात."

"हाव," वहिनी म्हणाल्या. मग जरा थांबून, "मावशी, मी लई वंगाळ बोलले."

"बोललीस." आत्याबाईंनी परडी त्यांच्याकडं सरकवली. "पोरगीची काळजी होती तुला. मला कळत न्हाई असं न्हाई. पण बोललीस ते बोललीस."

माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, नाही केलं असंही म्हणाल्या नाहीत. परडीतल्या अर्ध्या मिरच्या त्यांनी वहिनींच्या पदरात टाकल्या. मग आत जाऊन किल्ली आणली आणि मास्तरांच्या हातात दिली. "ही आता तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या. हा जिम्मा मला नगं."

त्या संध्याकाळी नवरा घरीच होता, नांदेडला जायचं त्यानं पुढं ढकललं होतं. फावड्यानं त्याच्या तळहाताला फोड आले होते. जेवायला बसल्यावर तो आईकडं न बघता म्हणाला, "चुकलं माझं."

"चुकलं," आत्याबाई म्हणाल्या आणि त्याच्या भाकरीवर तेल सोडलं. "आता जेव."

वहिनींच्या मुलीला पुढच्याच आठवड्यात मुलगी झाली, सुखरूप. हौद आता गळत नव्हता, त्यामुळं गल्लीनं तो उन्हाळा कसाबसा काढला. आत्याबाई मात्र बारशाला गेल्या नाहीत. गुडघा दुखतो म्हणाल्या. मी एकटीच गेले. आता त्या दोघी बोलतात, सणावाराला ताटंही इकडून तिकडं जातात. पण वहिनींना आमच्याकडनं काही हवं असलं, अगदी विरजणापुरतं दही असलं तरी, त्या मी शाळेतनं परत यायची वाट बघतात आणि मलाच मागतात.